एक पगार, चार हप्ते

दापुऱ्याच्या चंद्रभानजींनी सावकाराचे पैसे दिले होते. मूर्तिजापूर तालुक्यातलं हे गाव. चंद्रभानजी म्हणजे गाडगेबाबांचे मामा. वडील लवकर वारले, आई सखूबाई लहानग्या डेबूजीला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली आणि पोरगा मामाच्या शेतात राबून मोठा झाला. मामांनी शेतीपायी कर्ज काढलं, पीक निघालं की रक्कम नेऊन दिली, पावती मात्र कधी मागितली नाही. पुढे सावकाराने बाकी काढली ती जमीन गिळण्याएवढी. तरुण डेबूजी नांगर धरून त्या शेतात कसा उभा राहिला, ते बाबांच्या चरित्रकारांनी सांगितलं आहे आणि लोकांना तेच आठवतं. ज्याच्या घरात आज हप्ते चालू आहेत, त्याने मात्र त्या न मागितलेल्या पावत्यांपाशी जरा थांबावं.

कर्ज फेडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे सल्ला एकच: खर्च कमी करा. हा सल्ला देणाऱ्याच्या घरात बहुधा दोन पगार येत असतात. अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिलवर काम करणारा किंवा अमरावतीत कापडाच्या दुकानात हिशेब पाहणारा माणूस घ्या. कमावता तो एकटा. खाणारी पाच तोंडं. दूध अर्धा लिटरवर आलेलं असतं, नवे कपडे दिवाळीलाच, आणि पोरांच्या शाळेच्या ऑटोचे पैसे देताना महिन्याची वीस तारीख आठवते. अशा घरात कापायला उरलेलं असतं काय? शिक्षणावरचा खर्च तर गाडगेबाबांनीही कापू दिला नसता. लग्नकार्य आणि नवससायासासाठी ऋण काढू नका म्हणणारे बाबा पोरांच्या शाळेसाठी जेवणाचं ताट मोडायला सांगत. एका पगाराच्या घरात पैसा सुटतो तो कर्जाच्या भावात आणि कर्जाच्या कागदात. खर्चात शेवटी फार थोडा सुटतो.

आकड्यांशिवाय हे पटायचं नाही, म्हणून एक घर कल्पू. हातात पगार २४,००० रुपये. पतसंस्थेचं १ लाखाचं कर्ज, १४ टक्के, तीन वर्षं, हप्ता ३,४१८. मोटारसायकलचा हप्ता १,८५०, अजून दहा महिने. फ्रिजचा हप्ता १,२००, अजून चार महिने. आणि आईच्या दवाखान्याच्या वेळी ओळखीच्या माणसाकडून रात्रीतून उचललेले ५०,०००, शेकडा तीनने. सगळे मिळून महिन्याला ७,९६८ रुपये, म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा, पाच-सात तारखेच्या आत संपतो.

आता या चारांतलं महाग कर्ज कुठलं? घरात विचारलं तर उत्तर येतं, पतसंस्थेचं, कारण हप्ता तिचा मोठा. पण शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस. ५०,००० वर महिन्याला १,५०० रुपये जातात ते निव्वळ व्याज. दीड वर्षात २७,००० भरून झाले तरी मुद्दल जागच्या जागी. आणि मुद्दल थोडं थोडं द्यायला गेलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘‘आणाचे तं पूरे पन्नास एकदम आणजा.’’ एकदम पन्नास हजार असते तर माणूस त्या दारात गेला असता कशाला?

इथे घरातली पोत किंवा गोफ कामाला येतो. तेच ५०,००० बँकेतून सोनेतारणावर, समजा १० टक्क्यांनी, उचलून ओळखीच्या माणसाचा हिशेब मिटवला, तर वर्षाचं व्याज १८,००० वरून ५,००० वर येतं. यात कर्ज एका रुपयानेही कमी झालेलं नाही, फक्त त्याचा भाव पडला आहे. पुढची गोष्ट मात्र पाळायला हवी: आधी जे १,५०० जात होते ते तसेच बँकेत भरत राहायचे. चार महिन्यांनी फ्रिज फिटला की त्याचे १,२०० यातच टाकायचे, दहा महिन्यांनी गाडी फिटली की तिचे १,८५०. असं केलं तर सोन्यावरचं कर्ज अठराव्या महिन्यात संपतं आणि पोत घरी येते. या दीड वर्षात त्या घराने एक चहाही कमी प्यायलेला नाही.

दोन अटी आहेत. सोनेतारणाची मुदत बहुतेक वर्षाची असते, शेवटी एकरकमी भरायच्या योजनाही असतात. तेव्हा अधूनमधून मुद्दलात भरणा चालेल का आणि मुदत वाढवून मिळेल का, हे सोनं काउंटरवर ठेवण्याआधी विचारायचं. मुदत चुकली तर लिलावाची नोटीस येते. दुसरी अट बँकेच्या कागदावर नसते. सोनं बाईचं आहे, तर कर्जाचं खातंही तिच्याच नावाने असावं. दागिने परत मिळतात ते गहाण ठेवणाऱ्याच्या हातात.

हप्ता संपला की सुटलेला पैसा घरखर्चात विरघळू न देता पुढच्या कर्जाला लावायचा, हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. कोणतं कर्ज आधी संपवावं यावर जाणकारांत दोन मतं आहेत. गणित सांगतं, सर्वांत महाग व्याजाचं. मन सांगतं, सर्वांत छोटं, म्हणजे एक नाव तरी यादीतून जाईल. अमेरिकेत डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी कर्जफेडीच्या कार्यक्रमात उतरलेल्या लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये दाखवलं की ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली ते सगळ्या कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त होती. माझं मत असं की व्याजातली तफावत छत्तीस विरुद्ध चौदा असेल तर मनाचं ऐकू नये. चौदा आणि बारा असेल तर खुशाल ऐकावं.

भाव लपवायचीही एक रीत आहे. दुकानदार किंवा फायनान्सवाला सांगतो, ‘‘फक्त बारा टक्के.’’ १ लाखावर १२ टक्के घटत्या शिलकीवर लावले तर तीन वर्षांचा हप्ता ३,३२१ होतो आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. पण तेच १२ टक्के पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षं लावले, ज्याला फ्लॅट रेट म्हणतात, तर व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८. म्हणजे खरा दर २१ टक्क्यांच्या वर. टक्के विचारू नयेत. महिन्याचा हप्ता किती आणि किती महिने हे विचारावं, गुणाकार करावा आणि हातात आलेली रक्कम त्यातून वजा करावी. हातात आलेली म्हणजे प्रोसेसिंग फी आणि विमा कापून उरलेली.

ओळखीच्या माणसाच्या शेकडा तीनबद्दल कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही दर बांधून दिले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८. म्हणजे शेकडा तीन हा कायद्यातल्या सर्वांत चढ्या दराच्याही दुप्पट. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, कोऱ्या कागदावर सही घेता येत नाही, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी लागते, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही हा दामदुपटीचा जुना नियमही या कायद्याने राखला आहे. वऱ्हाडात कर्जाचं तारण म्हणून शेताचं सरळ खरेदीखतच करून घेण्याची वाईट चाल होती. अशा व्यवहाराने गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते.

इतका कायदा हाताशी असून लोक तक्रार का करत नाहीत? कारण तो माणूस गल्लीतला असतो, कधी नात्यातला असतो, आणि उद्या पुन्हा रात्री दहा वाजता दवाखान्यात पैसे लागले तर बँक उघडी नसते, तो उघडा असतो. ही अडचण खरी आहे, तिला भित्रेपणा म्हणून मोकळं होता येत नाही. म्हणूनच महाग कर्ज फेडायला घेण्याआधी एका पगाराच्या घराने दवाखान्याची सोय लावावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुली आहे. यादीतल्या रुग्णालयांत, यादीतल्या उपचारांवर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. आपल्या गावाजवळचं यादीतलं रुग्णालय कुठलं आणि तिथे कागद काय लागतात, हे तब्येत बरी असतानाच विचारून ठेवायचं. आणि खात्यात पाच-सात हजार असे ठेवायचे की ज्यांना हप्त्यासाठीही हात लावायचा नाही. त्यावर व्याज मिळत नाही ही तक्रार फोल आहे. त्या पैशाने छत्तीस टक्क्यांचं दार बंद राहतं.

कमावताच गेला तर? हा प्रश्न वऱ्हाडातल्या घरात कुणी मोठ्याने विचारत नाही; विचारला की म्हातारी ‘शुभ बोल’ म्हणते. पण चार हप्ते आणि एक पगार असलेल्या घरात तो विचारायलाच हवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यात वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण आहे, पन्नाशीच्या आत नोंद करता येते. सुरक्षा विमा २० रुपयांचा, अपघातासाठी. दोन्ही बचत खात्यातून आपोआप कापले जातात, अट एवढीच की कापण्याच्या दिवशी, मे अखेरीस, खात्यात पैसे हवेत. कल्पनेतल्या आपल्या घराचं सगळं कर्ज पावणेदोन लाखांच्या आत आहे, म्हणजे ४३६ रुपयांत ते झाकलं जातं. वारस म्हणून बायकोचं नाव लागलं आहे का, हे पासबुक घेऊन जाऊन एकदा पाहून यावं.

आता घरातल्या सगळ्या कर्जांची यादी करण्याबद्दल. त्यासाठी आधी एक जुना दाखला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि वऱ्हाडातला शेतकरी सावकाराच्या वहीत रुतला. तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ साली कर्ज लवाद कायदा झाला. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख, आपले भाऊसाहेब, त्या काळात प्रांताचे मंत्री होते आणि या कायद्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. रचना साधी होती. कर्जदाराने लवाद मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाने त्याच्या सगळ्या सावकारांना मुदत देऊन आपापलं येणं कागदावर मांडायला सांगायचं. जो मांडणार नाही त्याचं येणं बुडालं असं धरायचं. मग समोरासमोर तडजोड आणि पेलवतील असे हप्ते. सगळे देणेकरी आणि घेणेकरी एका जागी आल्याशिवाय तोड निघत नाही, ही त्यातली मेख होती.

घरातही हेच करावं लागतं आणि तेच होत नाही. नवऱ्याने दोस्ताकडून घेतलेले हातउसने बायकोला ठाऊक नसतात, बायकोने गटातून उचललेले नवऱ्याला उशिरा कळतात. एक रविवार गाठून दोघांनी बसावं. पोरांच्या मागच्या वर्षीच्या वहीतली उरलेली पानं पुरतात. कुणाचं, आज मुद्दल किती, वर्षाचा दर किती, संपतं कधी. आणि शेवटचा रकाना जो कुणी आखत नाही तो असा की त्यांच्याकडे आपला कोणता कागद आहे. कोरा चेक, सही केलेला स्टँप, गाडीचं आरसी, सोन्याची पावती, सातबारा. किराण्याची उधारीही लिहायची. भांडण होईल. त्यानंतरच्या महिन्यात होणारी भांडणं बरीच कमी होतात.

गटाचं म्हटलं तर दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. गावातला बचत गट महिन्याला शेकडा दोनने कर्ज देतो तेव्हा ते व्याज गटातच, म्हणजे शेवटी त्याच बायकांत फिरतं. फायनान्स कंपनीने पाडलेला गट वेगळा; तिथलं व्याज कंपनीचं आणि जामीन मात्र शेजारणीचा शब्द. या कर्जांना रिझर्व्ह बँकेची २०२२ ची चौकट आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज यात येतं, आणि त्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आपल्या घराचं उत्पन्न वर्षाला २,८८,००० म्हणजे ते यात बसतं. निम्मे म्हणजे १२,००० आणि आताच ७,९६८ जातात. नवा हप्ता नियमाने ४,०३२ च्या वर बसूच शकत नाही. अर्ज भरून घेणारा पोरगा हा हिशेब करील याची खात्री नाही, तेव्हा आपण करावा. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर दारात यायचं नाही, हेही त्याच चौकटीत आहे. आणि हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

वऱ्हाडातल्या पगारदाराचं एक पाऊल बहुधा शेतात असतं. चार-पाच एकर सामाईक, भाऊ कसतो, सातबाऱ्यावर दोघांची नावं. सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस पुढे दोन-तीन वेच्यांत, तूर संक्रांतीनंतर. वरुड-मोर्शीकडे असाल तर संत्र्याचा बहार. त्यातला जो काही हिस्सा येतो तो एकरकमी येतो आणि एकरकमीच उडतो. तोच मुद्दलात टाकायची संधी असते. बँकेत किंवा पतसंस्थेत जादा रक्कम भरताना ही मुद्दलात धरा असं लेखी द्यायचं, नाहीतर पुढच्या हप्त्यांपोटी जमा दाखवली जाते आणि व्याज चालूच राहतं. मग साहेब विचारतात, हप्ता कमी करू की मुदत? पुस्तकी उत्तर मुदत कमी करा असं आहे, त्यात व्याज जास्त वाचतं. एका पगाराच्या घराला मी उलट सांगेन. हप्ता कमी करून घ्या आणि उरलेले स्वखुशीने भरत राहा. मिल दोन महिने बंद राहिली तर बंधन लहान हप्त्याचंच असेल.

शेतीच्या कर्जाची दुसरी बाजू जास्त नाजूक आहे. २००८ ला केंद्राची माफी झाली, २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ला महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती. दर निवडणुकीच्या आधी गावात तेच ऐकू येतं, ‘‘भरता काहून? माफ होनारच हाये.’’ यात लोकांचा सगळाच दोष नाही. २००८ च्या माफीत पाच एकरांची मर्यादा घातली गेली आणि कोरडवाहू वऱ्हाडात जमीन जास्त पण पीक कमी असलेला शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिला. जो भरत होता त्याला आपण फसलो असं वाटलं. पण वरच्या श्रेणीतला सरकारी पगारदार किंवा आयकर भरणारा माणूस २०१९ च्या योजनेत बसतच नव्हता. अशा पगारदाराने माफीची वाट पाहत पीककर्ज थकवलं तर त्याला माफी नाही आणि व्याज मात्र वाढतं. वेळेत फेडणाऱ्याला भाऊसाहेबांच्याच नावाची व्याज सवलत योजना आहे, तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज त्यात बिनव्याजी पडतं. इतकं स्वस्त कर्ज दुसरीकडे कुठेच मिळत नाही. ते थकवून शेकडा तीनचं नीट भरणारी घरं मात्र बरीच आहेत, कारण बँकेचा माणूस रोज दारावरून जात नाही.

थकलंच असेल तर बँका आणि पतसंस्था एकरकमी परतफेडीची सवलत देतात. ती घेताना एक गोष्ट समजून घ्यावी. पूर्ण भरलेलं कर्ज सिबिलच्या अहवालात ‘क्लोज्ड’ दिसतं, सवलतीत मिटवलेलं ‘सेटल्ड’, आणि पुढचा बँकवाला या दोन शब्दांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. तडजोडीचं पत्र हातात पडल्याशिवाय रक्कम भरू नये. अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. फेडल्यावर दोन-तीन महिन्यांनी मागवावा.

शेवटचा हप्ता गेल्यावर कामं सुरू होतात. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा. घर किंवा जमीन तारण असेल तर पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. खासगी माणसाकडचा कोरा चेक आणि स्टँप त्याच बैठकीत परत मागायचा. ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तर सगळे पैसे मिळाले असं सही-तारखेनिशी लिहून घ्यायचं आणि तो चेक थांबवायचं पत्र आपल्या बँकेला द्यायचं. मोटारसायकलच्या आरसीवर फायनान्सचं नाव आपोआप जात नाही. त्यांची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे अर्ज करावा लागतो. एनओसीला मुदत असते, ती कपाटात ठेवून चालत नाही. शेतावर कर्ज असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा राहतो. बँकेचं पत्र तलाठ्याकडे द्यायचं, पोच घ्यायची, फेरफार मंजूर झाला का पाहायचं आणि मग नवा सातबारा काढून तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. भावाचं नाव सामाईक असेल तर एक प्रत त्यालाही पाठवायची.